कडीचा टाक

१

मराठवाड्याला समुद्र नाही, हे आम्हाला चौथीच्या भूगोलातच कळतं. पण दरसाल उन्हाळ्यात आमचं धरण आटायला लागलं की मैलभर काठ उघडा पडतो, आणि तीच आमची चौपाटी. भेळवाला तेवढा नसतो. भेगाळलेला गाळ, शिंपले, वाळूचे पट्टे, आणि मधेच जुन्या गावाची जोती. मुखेड आणि उदगीरच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातलं आमचं कारेगव्हाण पाण्याखाली गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. नवं गाव वर माळावर बसलं. जुनं गाव वैशाखात डोकं वर काढून बघतं आणि पाऊसकाळात परत बुडी मारतं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. लोकांच्या बोअर आटतात, मोटारी जळतात आणि माझं दुकान चालतं, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल मला तक्रार नाही. सकाळी ऊन तापायच्या आत मशीन घेऊन काठावर फिरून यायचं, मग दुकान उघडायचं, असा माझा नेम होता. हे मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. शेषेरावनं, म्हणजे माझ्या लंगोटीयारानं, ते मोबाइलवरून मागवलं आणि आठवड्यात कंटाळून माझ्याकडे टाकलं. दांड्याच्या टोकाला तबकडी, तबकडीत तांब्याची कॉइल. कॉइल म्हटलं की आपला हात चालतो. मी ती उघडली, पुन्हा गुंडाळली, आणि मशीनचे कान असे तिखट झाले की वीतभर खालची टाचणीसुद्धा त्याला ऐकू यायला लागली.

गावात अर्थातच बोभाटा झाला. ‘बजरंग गुप्तधन हुडकायलाय,’ असं लोक म्हणायचे. मी म्हणायचो, ‘हाव, फक्त बळी द्यायला मानूस पाहिजे. येता का?’ मग पुढचं कुणी विचारत नसे. खरं म्हणजे मला बैलांचे नाल मिळत, गंजकी कुलपं मिळत, अडकित्त्याचं एखादं पातं, निजामाच्या राज्यातले चारमिनार छापाचे पैसे. मी ते धुऊन दुकानातल्या फळीवर मांडून ठेवायचो. दोन-तीन महिन्यांत मी हेडफोनमधला आवाज ओळखायला शिकलो. लोखंडाचा आवाज घोगरा येतो, पितळेचा मधला. चांदीचा बारीक आणि लांब येतो, आणि तो क्वचितच ऐकायला मिळतो.

२

तो आवाज मला आमच्याच घराच्या जोत्यात मिळाला.

खुरप्यानं गाळ उकरला तर हाताला एक टाक लागला. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर देवाचा ठसा. हा अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा होता. त्यावर एक बाई उभी होती. लुगडं, हात, पावलं कळत होती, चेहरा मात्र पाण्यानं झिजून पार सपाट झालेला होता. वरच्या कडेला एक बारीक कडी होती. खुरपं लागलं असेल म्हणून मी उन्हात धरून बघितला. एकही ओरखडा नव्हता, आणि तेव्हा मला त्याचं बरं वाटलं.

घरी आलो आणि माय बघतच राहिली. आईला आम्ही माय म्हणतो. जुनं गाव सोडताना घाईत देव्हाऱ्यातला भवानीचा टाक कोनाड्यात राहिला, हे दुःख तिनं जन्मभर उराशी धरलेलं. तिनं दोन्ही हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“आली बघ. आपन होऊन आली,” ती म्हणाली.

“माय, देव्हाऱ्यातल्या टाकाला कडी असते का?” माझ्या बायकोनं, तनुजानं, विचारलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. लहानपणी हापशाचा दांडा लागून तिची डावी भुवई मधोमध तुटलेली होती आणि काही विचारायचं असलं की ती नेमकी तीच भुवई उचलायची.

“कुनी लावून घेतली आसंल,” माय म्हणाली. “तुझ्याचसाठी.”

तनुजाला तेव्हा पाचवा महिना चालू होता. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती आणि दुसऱ्या वेळी तर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या खेपेला बाळाचाच नाही, हिच्याही जिवाचा प्रश्न आहे. तरी तनुजानं ऐकलं नाही. मी वरून हसत-खिदळत असे, पण रोज सकाळी ती उठून बसलेली दिसेपर्यंत घराबाहेर पाय टाकत नसे. तिला माहेरी आई उरली नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच व्हायचं होतं. अशा घरात देवी चालत आली तर कोण नको म्हणेल? मायनं काळ्या दोऱ्यात तो टाक ओवला आणि तनुजाच्या गळ्यात बांधला.

तनुजा माझ्याकडे बघून म्हणाली, “अवो, तुमच्या भंगारातून एकदाचं कायतरी कामाचं निघालं.”

३

सुरुवातीला सगळं चांगलंच झालं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उदगीरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं. तनुजाच्या पायाची सूज उतरली. तिला भूक लागायला लागली.

जेवायला बसली की ती पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवायची. मायला वाटलं देवीचा नैवेद्य, तिला आनंदच झाला. ओटीभरणाला माझ्या मावसबहिणीनं साडी आणली तर तनुजानं ती आधी गळ्यातल्या टाकाला लावली, थोडा वेळ थांबली, मग घडी मोडली. “हे कुणी शिकवलं तुला?” मी विचारलं.

“शिकवायचं काय त्यात? आधी तिला, मग मला,” ती म्हणाली.

मला ते गमतीचं वाटलं. गरोदर बायका काहीही करतात. कुणी माती खातं, कुणी राख. आमची देवीला साडी दाखवते, बिघडलं काय? मी शेषेरावला हे सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो.

४

मग एक दिवस मी दुपारच्या जेवणाला घरी आलो तर तनुजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नजर खाली. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, तरी ती तशीच.

“काय करायलीस?” मी विचारलं.

“कायी न्हाई,” ती म्हणाली, आणि मग कुणीतरी ‘ये’ म्हटल्यासारखी मान हलवून आत गेली.

आत कुणी नव्हतं. माय शेजारी लसूण निवडायला गेली होती. गॅस बंद होता. मी दोनदा बघितलं, आणि आपण दोनदा बघितलं याचीच मला लाज वाटली.

त्यानंतर ते रोजचंच झालं. ज्या घरात ती लग्न होऊन आल्यापासून डोळे मिटून वावरत होती, त्या घरात आता ती मला विचारायची, “चहाची भरणी कुठं असती इथं?” तिनंच लावलेल्या फळीवर तिला तिखटाचा डबा सापडत नसे. सापडला की ती तो दोन्ही हातांनी घेई, वापरून झाला की पुसून पुन्हा जागेवर ठेवी. तनुजा भांडी आपटणारी बाई. माझ्यावर चिडली की सगळ्या गल्लीला पातेल्यांतून कळायचं. आता आमच्या स्वयंपाकघरातून आवाजच येत नव्हता. मला ती आपटाआपट आठवायची आणि खरंच जीव कासावीस व्हायचा.

पलंगावर ती भिंतीकडच्या बाजूला झोपत असे. ती बाजू तिनं सोडली. खाली चटई टाकून झोपायला लागली. “पाठ दुखती,” म्हणाली. मी म्हटलं मग मी खाली झोपतो, तू वर ये. तर तिनं भिंतीकडच्या त्या रिकाम्या जागेकडं असं बघितलं, जसं बसमध्ये रुमाल टाकलेल्या सीटकडं माणूस बघतं.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रक्त थोडं कमी आहे, अशा दिवसांत विसराळूपणा येतो, गोळ्या देतो. मी ते मानलं. वाइंडिंगवाला माणूस आहे मी. मोटार गरम झाली तर कुठंतरी करंट गळतोय एवढं मला कळतं, भुतानं तापवली असं मी म्हणत नाही.

५

पहिला पाऊस होऊन गेला होता, पण धरणात अजून पाणी आलं नव्हतं. एका सकाळी मी काठावरून आलो आणि मशीन बंद करायचं विसरून तसंच हातात घेऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो. हेडफोन गळ्यात होता. त्यातून तो बारीक, लांब आवाज आला.

चुलीजवळ एक पाट ठेवलेला होता. लाकडी पाट, त्याला पितळी खिळे. तबकडी त्याच्यावर होती. मी म्हटलं, खिळे. पण पितळेचा आवाज हा नव्हे. मी तबकडी पाटाला टेकवली तर खिळ्यांचा मधला आवाज तेवढा आला, तो बारीक आवाज थांबला. वर उचलली तर पुन्हा आला. आणखी वर, बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, हवेत, तो सगळ्यात स्पष्ट होता. डावीकडं नेली की बंद, उजवीकडं नेली की बंद.

“तनुजा,” मी हाक मारली.

“न्हाते,” मोरीतून तिचा आवाज आला. टाक तिच्याच गळ्यात होता, आंघोळीलाही ती तो काढत नसे.

मी फ्रीजचं बटण बंद केलं. फ्रीजचा कॉम्प्रेसर, वायरिंग, वरचा पंखा, यांचं चुंबकीय क्षेत्र मशीनला गोंधळात टाकतं, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. पंखा बंद केला. मेन स्विच पाडला. आता घरात कुठंच करंट नव्हता. मी परत येऊन तबकडी धरली. आवाज आलाच नाही. बघ, म्हटलं, वायरिंग होतं.

पण तो पाट आता भिंतीला टेकवून ठेवलेला होता. एखादी बाई काम आवरून उठली की ठेवते तसा.

त्या दिवसापासून मी मशीन घरात आणलं नाही, दुकानातच ठेवलं.

६

डोहाळजेवणाला गावातल्या बायका आल्या. त्यांच्यात गावातली सगळ्यात म्हातारी धोंडाबाई होती. ती कुठल्याही कार्यात सगळ्यात शेवटी ओवाळते, कारण तिला वाकायला वेळ लागतो. तनुजाला कुंकू लावता लावता तिचा हात थांबला.

“हे कुनी बांधलं गं हिच्या गळ्यात?”

“देवी हाय,” माय म्हणाली. “जुन्या जोत्यात घावली.”

“देवीला कडी कशाला लागल, सिंधू?” मायला असं म्हणत धोंडाबाईनं आपल्या चोळीतून एक दोरा ओढून काढला. त्याला तसाच टाक होता. तशीच कडी. “ही माझी थोरली. मी दुसरेपनावर दिल्याली. ही मेली अन् मी आले. लग्नातच माझ्या गळ्यात घातली हिला. हिला दाखवल्याबिगर मी नवं लुगडं नेसले न्हाई, हिचा घास काढल्याबिगर जेवले न्हाई. सौतीचा टाक हाय हा. देवीचा न्हवं.”

माय खाली बसली. आमच्या घराण्यात कुणी दुसरेपणावर आलेलं नव्हतं. तिनं सवतीच्या टाकाबद्दल ऐकलं होतं, बघितला कधीच नव्हता. कडी दिसूनही तिनं भवानीच बघितली, आणि मी तिला काय बोलणार, मला तर तेवढंही माहीत नव्हतं.

“एवढंच ना? काढून ठेवू,” मी म्हटलं.

“काढ की,” धोंडाबाई म्हणाली. “पर बाबा, टाक गळ्यात घालनारी मागनं आल्याली असती, अन् टाकावरची आधीची, मेल्याली. असंच असतंय. तुझी बायकू तर पहिलीच हाय. मंग हिच्या आधी कोन? टाकावर कुनाला बसवायचं?”

“म्हंजे काय होतं, आजी?”

“मला काय ठावं? पहिलेपनाच्या बाईनं हा कधी घातलाच न्हाई आमच्यात.”

तनुजा पाटावर बसून सगळं ऐकत होती. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत फार गोड दिसत होती. तिनं टाकावर तळहात ठेवला आणि हसून म्हणाली, “राहू द्या की. मला कुठं जड होतो?”

७

मी तिला आधी समजावलं, मग रागावलो. “दोरा काढ,” म्हटलं.

“असं कसं काढायचं? मोठ्या बाईला काय वाटंल?”

“कोण मोठी बाई? या घरात तू आणि माय, तिसरं कोण आहे?”

ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. एवढं मोठं झालेलं पोट, आणि नजर मात्र नव्या नवरीची, सासरच्या माणसाचा राग ओढवू नये म्हणून धडपडणारी. माझ्यावर तिनं कधी अशी नजर टाकली नव्हती. मला तिथंच रडू आलं असतं.

दुपारी ती चटईवर झोपली असताना मी ब्लेड घेतलं. दोरा कापताना ती झोपेतच बोलली. पूर्वीच्या, पातेली आपटणाऱ्या आवाजात.

“अवो, थांबा.”

मी थांबलो नाही. टाक मुठीत घेतला आणि मोटारसायकल काढून थेट धरणावर गेलो. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. जोती बुडाली होती. टाकण्याआधी एकदा बघावं म्हणून मी मूठ उघडली.

चेहरा आता सपाट नव्हता. अंगाचं तेल लागून चांदी उजळते, ठसा उठून दिसतो, हे मला माहीत आहे आणि मी ते स्वतःला सांगितलं. नाक दिसत होतं. डोळे दिसत होते. डाव्या डोळ्याच्या वर एक उभा छेद होता, भुवई मधोमध तोडणारा. माझं खुरपं, मी म्हटलं. खुरपंच लागलं असणार त्या दिवशी.

पण त्या दिवशी मी उन्हात धरून बघितलं होतं.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. होता नव्हता तेवढा जोर लावून टाक पाण्यात फेकला. फार लांब गेला. बुडाला तिथं एक वलय उठलं आणि विरलं. मी वळलो तेव्हा मागून, पाण्याच्या बाजूनं, कुणीतरी ‘अवो’ म्हटल्यासारखं वाटलं. काठावर टिटव्या होत्या. टिटवीचा आवाज कसाही ऐकू येतो.

८

मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, “इतकं सोपं बाळंतपण होईल असं वाटलं नव्हतं.” मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मनसोक्त रडलो. मायनं दुकानदुकानात पेढे वाटले. टाक काढल्यापासून तनुजानं ताटाच्या कडेला घास ठेवला नव्हता, उंबऱ्यावर थांबली नव्हती. विसराळूपणाही गेला होता. सगळं घर तिनं नव्यानं पाठ करून घेतलं होतं म्हणा, पण केलं होतं. वॉर्डात मात्र तिला ‘तनुजा’ म्हणून दोनदा हाक मारावी लागायची. नर्स म्हणाली, दमल्यात त्या.

घरी आलो. मायनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आतल्या खोलीत बाज टाकली होती, शेगडी होती, शेपूचा आणि धुरीचा वास होता. बाळ निजलं. माय दूध आणायला गेली. मी तनुजासाठी भात-मेतकूट ताटात वाढून आणलं, म्हटलं आज मी वाढतो, तू बसून जेव. खिडकीतून तिरपं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं.

ती फार सुंदर दिसत होती. आणि काहीतरी वेगळं. मला कळायला वेळ लागला, कारण जे रोज बघतो ते नसलं तर पटकन ध्यानात येत नाही. तिची डावी भुवई सलग होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कोरल्यासारखी.

केस आले असतील, मी मनाशी म्हटलं. बाळंतपणात अंगात काय काय बदल होतात. दवाखान्यात कुणी पेन्सिल फिरवली असेल.

तिनं भात कालवला. पहिला घास उचलला, आणि तोंडात न घालता ताटाच्या कडेला ठेवला.

“आता कशाला?” मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “टाक गेला की. मी स्वतः पाण्यात टाकला. आता कुणाचा घास?”

“थोरलीचा,” ती समजुतीनं म्हणाली. पदर सरकला आणि तिच्या गळ्यात काळा दोरा दिसला. दोऱ्याचं टोक चोळीच्या आत गेलेलं. तिनं त्यावर हात ठेवला, जसा धोंडाबाई ठेवते. तिच्या चेहऱ्यावर जराही वाईटपणा नव्हता. उलट माझ्याबद्दल दया होती, बायको गेलेल्या माणसाबद्दल असते तशी.

“कोण थोरली?” मी विचारलं.

तिनं डोळे भरून माझ्याकडं बघितलं.

“तनुजा,” ती म्हणाली.

९

मुलगी आता रांगते. गोड आहे. ती बाई तिला फार जपते, मायला जपते, मलाही. घरात कुणाला काही कमी नाही. मायला मी सगळं सांगितलं तर तिनं माझी दृष्ट काढली. शेषेराव म्हणतो, डॉक्टरला दाखव, आणि तो हिला दाखव म्हणत नाही, मला म्हणतो. असेलही त्याचं खरं. मी भुवई बघायला जुना फोटो काढला, तर आमच्या लग्नाच्या फोटोत ती मान डावीकडं वळवून उभी आहे आणि डावीकडून मुंडावळ्या आल्या आहेत.

एक मात्र आहे. ती मला ‘अवो’ म्हणत नाही. ‘ऐकलं का’ म्हणते.

यंदाही धरण आटायला लागलं आहे. मी दुकान उशिरा उघडतो. मशीनची कॉइल नव्यानं गुंडाळली आहे, तबकडी पाण्यात बुडवली तरी चालते. रोज सकाळी मी पँट वर करून पाण्यात शिरतो आणि जिथं ते वलय उठलं होतं त्या बाजूला तबकडी फिरवत जातो. अजून तिथवर पाय पोचत नाहीत. पण वारा पडला की हेडफोनमध्ये तो बारीक, लांब आवाज येतो, लांबून, पाण्याखालून. तो आला की मी जागीच उभा राहतो. कारण नीट कान दिला तर त्यात मला हाक ऐकू येते, आणि ती टिटवीची नाही, एवढं मला आता कळतं.

“थांब,” मी तिला म्हणतो. “आलोच.”

पाणी तिथं अजून पुरुषभर आहे. आणखी थोडं सरायला पाहिजे.